खवल्यांची परीक्षा

दाविद रहाबी हा बाहेरचा ज्यू कोकणात आला तेव्हा त्याला एकाच गोष्टीचा उलगडा हवा होता. नवगाव, चौल, रेवदंडा, पेण या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारे आणि म्हणून गावाने ‘शनवार तेली’ ठरवून टाकलेले हे लोक, म्हणजे बेने इस्राएल, खरंच ज्यू आहेत का? त्यांना हिब्रू येत नव्हतं. जवळ तोरा हा धर्मग्रंथ नव्हता, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर नव्हतं, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती आणि जन्म, लग्न, मरण, नवस, सगळ्याला तीच म्हटली जायची. मुलांची सुंता आठव्या दिवशी होत होती. तेवढ्याने रहाबीचं समाधान होईना. मग म्हणे त्याने खवल्याची आणि बिनखवल्याची मासळी एकत्र करून घरातल्या बायकांना रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे बाजूला काढले आणि उरलेले आम्ही खात नाही म्हणून परत केले. ज्यू धर्माला तेवढेच मासे चालतात. रहाबीची खात्री पटली.

हाएम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला, त्यात ही कथा आहे. रहाबी नक्की कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी त्याला हजारेक वर्षं मागे नेतात, कुणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी त्याचा धागा जुळवतात. ते त्यांनी बघावं. माझं घोडं कथेच्या पुढच्या भागात अडतं. खात्री पटल्यावर रहाबीने तिघांना निवडलं, त्यांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले, आणि ते समाजाचे पहिले काजी झाले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशी त्यांची घराणी सांगतात. तिघेही अर्थातच पुरुष. परीक्षा दिली बायकांनी आणि नेमणूक झाली पुरुषांची.

मी ज्यू नाही. पण ठाण्यात राहते, आणि ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्याला १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आहे, त्यामुळे शाळेत, बँकेत, लोकलमध्ये कुणीतरी पेणकर, रोहेकर, दिवेकर भेटायचेच. आडनाव ऐकून कळत नाही. नाव रिबेका किंवा शॅरन निघालं की कळतं. माझ्या समोरच्या दारातल्या काकींचं माहेर अलिबागच्या इस्राएल आळीतलं, सासर पेणचं. मासळीची ही कथा मी एकदा त्यांच्यापुढे जरा भारावून जाऊन मांडली, तर त्या ओट्यावर रावस साफ करत होत्या आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

“अगं, मासा ओळखायला काय अक्कल लागते? शेपटीकडून डोक्याकडे बोट ओढायचं. खरखरलं तर आपलं. वाम, शिंगाळा, पाकट, हे हाताला गुळगुळीत लागतात. कोळंबी-खेकड्यांचा तर प्रश्नच नाही.”

“पण हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

“शिकवायचं काय त्यात? आई टोपलीतून उचलायची ते आम्ही बघायचो. कोळीणसुद्धा आमच्या दारात नुसती मुशी घेऊन कधी यायची नाही.”

हेच तर. ज्या ज्ञानाच्या आधाराने एक अख्खा समाज ओळखला गेला, ते ज्याच्यापाशी होतं त्याला ते ज्ञान वाटतच नव्हतं. काजी शिकले ते शिक्षण. काकींच्या पणजीच्या पणजीला येत होतं ती सवय.

परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं तेव्हा सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. वाहून आलेल्यांना पुरुष आणि बायका अशा दोन वेगवेगळ्या ढिगाऱ्यांखाली पुरलं, ती जागा आजही दाखवतात. पोथ्यापुस्तकं सगळी पाण्यात गेली. त्यानंतरच्या कित्येक शतकांत धर्म राहिला कुठे, असं विचारलं तर माझं उत्तर आहे, चुलीपाशी. पुरावा म्हणून सणांची जुनी मराठी नावं घ्या. भाताचं पीक हाती आलं की ‘खिरीचा सण’. नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक ज्या दिवशी करायचा तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी मोड आलेल्या कडधान्याचं बिरडं. पेसाख, म्हणजे मिसरमधून सुटल्याचा सण, तो ‘अनशी ढाकाचा सण’. घरात आंबट रसाचं एक मडकं कायम असायचं, ते त्या आठ दिवसांत झाकून ठेवायचं. मिसरमधून सुटका, मोशे, दहा पीडा, समुद्र दुभंगणं, यातलं काही आठवत नव्हतं, पण मडकं कधी झाकायचं हे चुकत नव्हतं. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तेवढा ‘दारफळणीचा सण’: त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचा. आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. ही यादी पुरुषांच्या बैठकीत ठरलेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचं, तसंच. शनिवारी काम नाही याचा अर्थ तेलाचा घाणा बंद, हे गावाला दिसायचं. पण शनिवारी चूलही पेटवायची नाही, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत दोन दिवसांचं रांधून, पाणी भरून, घर सारवून मोकळं व्हायचं, हे कुणाच्या ओसरीवरून दिसत नव्हतं. पुरुषांचा विसावा बायकांच्या शुक्रवारावर उभा होता. काकी अजूनही शुक्रवारी चारनंतर फोन उचलत नाहीत. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल, त्यात वात. आता त्यांच्याकडे मेणबत्त्याही असतात, पण पेला सुटलेला नाही. डोक्यावर पदर घेतात, वात लावतात, ज्योतीवरून दोन्ही हात स्वतःकडे आणतात, डोळे झाकतात. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तर काकांना खुणेने गॅस बंद करायला लावतात, हेही मी पाहिलंय.

त्याआधी सकाळी मनुका. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, वाइन हवी, आणि कोकणात वाइन कुठून येणार? म्हणून काळ्या मनुकांचं शरबत. मनुका निवडून, देठ काढून, धुऊन कोमट पाण्यात टाकायच्या. फुगल्या की एक उकळी द्यायची, गार झाल्या की हाताने कुस्करायच्या आणि मलमलच्या कपड्यातून पिळायच्या. काकींच्या बोटांना शुक्रवारभर त्याचा जांभळट रंग असतो. मिक्सर वापरला तर बिया फुटतात आणि शरबताला तुरटपणा येतो, असं त्यांचं ठाम मत. माप विचारलं तर “पेल्यापुरतं” एवढंच. संध्याकाळी काका उभे राहून तो पेला हातात घेतात आणि प्रार्थना म्हणतात. चांगला आवाज आहे त्यांचा. पेला मात्र त्यांच्या हातात आयता येतो.

मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, हा नियम कोकणात फारसा कुणाच्या लक्षातच आला नसणार, कारण तिथे शेजारणीच्या मटणातही नारळच असतो. पण जेवण मटणाचं झालं की गोडात दूध-तूप चालत नाही, तिथे खरी कसोटी. म्हणून नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, चिकाचा हलवा. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून पांढरा चीक काढायचा, तो नारळाच्या दुधात साखर घालून मंद आचेवर घोटत बसायचं. थांबलं की गुठळी. एका बाईचा हात भरून येतो, म्हणून दोघीतिघी आळीपाळीने ढवळतात. इस्राएल आळीत एकाच्या अंगणात मोठं पातेलं चढायचं आणि त्याभोवती आळीतली लग्नं जुळायची, मोडायची, असं काकी सांगतात. समाजाची खरी पंचायत त्या पातेल्याभोवती भरत असे. काजींना निकाल उशिरा कळायचा.

पण मी फार गोडगोड लिहायला लागले आहे. घरातल्या शुद्धतेची किल्ली बायकांकडे असली की तिने दारं बंदही केली जातात. बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. त्यात रंगाचा संबंध नव्हता. ज्यांची आई किंवा आजी समाजाबाहेरची, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, भांडीही वेगळी ठेवत. बाहेरची बाई कोण आणली हे पुरुषाचं कर्तृत्व, पण डाग लागायचा तो आईच्या नावाने, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवणाऱ्या पुन्हा घरातल्याच बायका. तसंच विधवांचं. ज्यू धर्मशास्त्रात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नाही. कोकणातल्या ज्यू विधवेला मात्र ती होती, कारण शेजारच्या वरच्या म्हणवणाऱ्या जातींत होती. नऊवारी, नथ, मंगळसूत्र शेजारून घेतलं, तसंच हेही घेतलं. काकींच्या एका आत्याने वयाच्या विशीत वैधव्य आल्यावर उरलेलं सगळं आयुष्य भावांच्या घरी हलवा घोटण्यात घालवलं. तिच्याबद्दल काकी एवढंच म्हणतात, “तिच्या हाताला चव होती.”

छापील कागदावर या बायका दिसतात त्या १८७४ साली. त्या वर्षी पुण्यात हिब्रू आणि मराठीत हगादा छापला गेला. हगादा म्हणजे पेसाखच्या रात्री घरात वाचायची पोथी. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बेने इस्राएल बायका मात्झोत, म्हणजे पेसाखच्या बिनखमिराच्या पोळ्या, करताना आहेत. युरोपातल्या एका जुन्या हगाद्याची चित्रं समोर ठेवून ही काढली आहेत म्हणतात, पण बायका मात्र इथल्या. पोथी वाचणार पुरुष, चित्र मात्र पीठ मळणाऱ्या बाईचं. चित्रकाराला निदान कळलं होतं की सण कुठे घडतो. तोपर्यंत समाज मुंबई-पुण्यात पांगलेला होता. पुरुष कंपनीच्या पलटणीत, मग सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत शिरले होते. मशिदीही झाल्या होत्या. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईची पहिली १७९६ ची, सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी बांधलेली. एकदा मशीद झाली की तोरा तिथे, प्रार्थना म्हणणारा हजान तिथे, मान तिथे. बायकांना वरची माडी. चुलीपाशी जे केंद्र होतं ते हळूहळू उठून दगडी इमारतीत गेलं, आणि मला वाटतं, समाज ‘सुधारला’ त्याच काळात बायकांचं वजन थोडं घटलं.

ते परत मिळवलं शिकलेल्या मुलींनी, आणि जरा निराळ्या वाटेने. किहीमकरांनीच १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली होती, तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. १९२२ पासून जवळपास तीन दशकं तिची मुख्याध्यापिका होती रिबेका रूबेन. १८८९ चा जन्म. १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आलेली. त्या काळी मुलींनी मॅट्रिकला बसणं हीच बातमी असताना ही पहिली आली. तिने समाजाचं वार्षिक काढलं, मुलांसाठी मराठीत लिहिलं. तिच्या हाताखालून गेलेली पिढी म्हणजे ज्या पिढीने नंतर बोटीत आणि विमानात बसून इस्राएल गाठलं ती.

दुसरी जेरुशा झिराड. आडनाव वाचून तुम्हाला रहाबीचे काजी आठवले असतील, मलाही आठवले. १८९० साली शिमोग्याला जन्म, ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडनला जाऊन स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलची प्रमुख. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची तिने पद्धतशीर पाहणी केली. १९६६ मध्ये पद्मश्री. हे सगळं कुठल्याही कोशात सापडेल. मला जास्त आवडते ती १९२५ ची गोष्ट. लंडनमध्ये तिने उदारमतवादी ज्यूंची उपासना पाहिली होती, लिली माँटेग्यू ही बाई तिथे प्रवचन करत असे. परत आल्यावर मुंबईत तिने ज्युइश रिलिजियस युनियन उभी केली. तिथे बायका माडीवर नाहीत. पुरुषांच्या बरोबरीने खाली. दिवसभर बाळंतिणी तपासणारी डॉक्टर धर्मसभा काढते याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल. मला नाही वाटत. बायकांच्या आयुष्यात बाळंतपण आणि धर्म या दोन खोल्या वेगळ्या कधी होत्या?

आणि मग तीच परीक्षा पुन्हा आली, या वेळी खुद्द इस्राएलमध्ये. १९४८ नंतर बेने इस्राएल हजारोंनी तिकडे गेले. धारावाहिक परंपरेचा अभिमान घेऊन गेले, आणि तिथल्या धर्मपीठाने शंका काढली. १९६२ मध्ये प्रमुख रब्बी निस्सीम यांच्या सूचना निघाल्या की बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, जाता येईल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शिवाय इतकी शतकं रब्बी नव्हते तर यांचे घटस्फोट शास्त्रशुद्ध झाले असतील का, विधवांची लग्नं रीतसर झाली असतील का? म्हणजे अलिबागच्या कुणा मेलेल्या आजीचं चारित्र्य आणि कुळ जेरुसलेमच्या कचेरीत तपासायला घेतलं. समाजाच्या बाजूने जो बचाव झाला त्यातला एक मुद्दा ऐकून मला हसावं की रडावं कळेना: आमच्यात घटस्फोट आणि विधवाविवाह जवळजवळ होतच नव्हते, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नाही. काकींच्या त्या आत्याचं कोरडं आयुष्य असं समाजाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून कामी आलं. लोक रस्त्यावर बसले, धरणं झालं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव करून सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. मग सूचनांमधून समाजाचं नाव गाळलं गेलं. माफी आजींकडे कुणी मागितली असेल असं वाटत नाही.

आज भारतात चारपाच हजार ज्यू उरले असतील, बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या सिनेगॉगांना कुलूप नसेल तर राखणदार आहे. प्रार्थनेला दहा पुरुषांचा कोरम लागतो, मिन्यान म्हणतात त्याला. काकींच्या माहेरच्या आळीत एखाद्या दिवशी आठ पुरुष आणि चौदा बायका जमतात, आणि दोघांची वाट बघत सगळे बसून राहतात. कुणीतरी मुंबईहून गाडी करून येतो, मग सुरुवात. हे सांगताना काकींना अन्याय वगैरे वाटत नाही. मला वाटतो, पण सिनेगॉग माझं नाही.

मलिद्याला मात्र कुणाची वाट बघावी लागत नाही. तो घरी करायचा. नवस फेडायचा असो, लग्नाआधी असो, बाळ झालं असो, नवं घर असो, इलियाहू हनबीच्या नावाने. हा प्रेषित अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गात गेला अशी इथल्या ज्यूंची श्रद्धा आहे, तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यूंना हे मान्य नाही आणि त्याची इथे कुणाला फिकीरही नाही. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, काजू-बदाम. त्यावर फळं, खजूर, गुलाबाची फुलं, सब्जाची पानं. प्रत्येक जिनसाचा वेगळा आशीर्वाद म्हणायचा. म्हणणारा बहुतेक पुरुष, पण मलिदा कधी, कशासाठी आणि कुणाला बोलवायचं हे घरची बाई ठरवते. नवस बोललेला असतो तिनेच, आणि पुष्कळदा घरच्यांना तो फेडायच्या दिवशीच कळतो.

काकींची धाकटी मुलगी इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने तिकडे मलिदा करायचा ठरवला आणि व्हिडिओ कॉलवर आईला ताट दाखवलं. मी तिथेच बसले होते. भारतीय दुकानातून पोहे आणले होते, पण पातळ. आणि गूळ मिळाला नाही म्हणून ब्राऊन शुगर.

“पातळ पोह्यांचा लगदा होतो, किती वेळा सांगितलं तुला. पाण्याचा नुसता हबका मार, भिजत नको घालू.”

“मम्मी, घातलेत भिजत.”

“मग निथळत ठेव चाळणीत. आणि ती साखर काढ. नवस काय साखरेचा बोलली होतीस?”

“नवस तू बोलली होतीस, मम्मी. मला तर आत्ता कळतंय.”

मागून नात हिब्रूत काहीतरी म्हणाली. काकींनी ते मराठीत काय ते सांग म्हणून फर्मावलं. मुलगी हसली. “विचारतेय, नसेल जमत तर खजुराचाच गोडवा चालेल का?” काकींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, चालेल, पण बिया काढून बारीक कापायचे, आणि कापायचे ते तिने कापायचे.